संगणकाचा ताप आणि त्याची भारपरीक्षा

यंत्र म्हटलें कीं त्याच्या पाठोपाठ उष्णता ही आलीच. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यांत राहणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट मुद्दाम समजावून सांगावी लागत नाहीं. लेथवर पोलाद कापलें जात असतां हत्याराच्या टोंकाशीं दुधट पाण्याची धार कां सोडलेली असते, मोटारीच्या एंजिनापुढें रेडिएटर कां बसविलेला असतो, हें तेथील शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु त्याच घरांत मेजावर ठेवलेला संगणक वैशाखाच्या दुपारीं घरघर करूं लागला, त्याच्या पाठीमागून ऊन हवेचा झोत येऊं लागला आणि प्रोसेसरचें तापमान ८५ अंश सेल्सिअस असल्याचा आकडा पडद्यावर दिसला, म्हणजे घरांतील मंडळींचा धीर सुटतो. कांहीं जण लगेच दुकान गांठून मोठा पंखा विकत आणतात. कांहीं जण त्या आकड्याकडे पाठ फिरवून काम तसेंच चालूं ठेवतात. दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. हा आकडा किती असावा आणि तो कोणत्या परिस्थितींत मोजावा, याचा विचार दोघांनींहि केलेला नसतो.

प्रथम ही उष्णता येते कोठून तें पाहावें. प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनच्या एका पातळ तुकड्यावर कोरलेल्या अब्जावधि सूक्ष्म विद्युत्-कळांचा समूह होय. बेरीज असो, पत्रांतील अक्षर असो कीं पडद्यावरील चित्र असो, तें सारें या कळांच्या उघडझांपीनें घडतें; आणि ही उघडझांप सेकंदाला तीनचार अब्ज ठोक्यांच्या तालावर चाललेली असते. प्रत्येक उघडझांपीस अत्यल्प वीज लागते व त्या विजेचें रूपांतर शेवटीं उष्णतेंतच होतें. येथें एक साधा नियम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. ही उष्णता ठोक्यांच्या गतीच्या सरळ प्रमाणांत वाढते. परंतु विजेच्या दाबाच्या मात्र ती वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दाब दहा टक्के वाढविला तर उष्णता एकवीस टक्के वाढेल. आणि दाबाबरोबर गतिहि दहा टक्के वाढविली तर ती तेहतीस टक्के वाढेल. संगणक अधिक चपळ व्हावा म्हणून हौशी तरुण त्याची गति आणि दाब ही दोन्ही चढवितात, तेव्हां थोडक्या लाभासाठीं एवढी मोठी उष्णता कां पदरीं पडते, तें या हिशेबावरून कळेल.

एकंदर उष्णता तशी फार असते असें नाहीं. मेजावरील संगणकाचा प्रोसेसर पूर्ण भाराखालीं शंभर ते अडीचशें वॉट वीज घेतो. घरांतील इस्त्री हजार वॉट घेते. भेद आहे तो जागेचा. इस्त्रीचा तळ दीडशें चौरस सेंटिमीटरांच्या आसपास असतो आणि तिची उष्णता तेवढ्या पृष्ठभागावर पसरते. प्रोसेसरची उष्णता मात्र नखाएवढ्या, दोनतीन चौरस सेंटिमीटरांच्या तुकड्यांतून बाहेर पडावयाची असते. दर चौरस सेंटिमीटरास हिशेब केला तर तो तुकडा इस्त्रीच्या तळापेक्षां निदान पांचसात पट, आणि पुष्कळदां दहा पट, उष्णता बाहेर टाकीत असतो. ती तेथून क्षणाक्षणाला वाहून नेली नाहीं तर कांहीं सेकंदांत अनर्थ ओढवेल. म्हणून या तुकड्यावर धातूचें झांकण, झांकणावर थर्मल पेस्टचा पातळ लेप, त्यावर तांब्याचें किंवा अॅल्युमिनियमचें अनेक पात्यांचें हीट सिंक, आणि त्यावर पंखा अशी रचना केलेली असते. उष्णता या पायऱ्यांनीं उतरत उतरत शेवटीं खोलींतील हवेंत मिसळते.

शेवटची पायरी खोलीची हवा ही आहे, आणि पुणेंकरांनीं हीच गोष्ट विसरतां कामा नये. कोणताहि पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षां थंड करूं शकत नाहीं. तो फक्त दोहोंमधील अंतर कमी करतो. समजा, मार्गशीर्षांत खोलीचें तापमान २४ अंश असतां पूर्ण भाराखालीं प्रोसेसर ७४ अंशांवर स्थिर राहिला. म्हणजे अंतर ५० अंशांचें झालें. तोच संगणक, तीच खोली आणि तेंच काम. पण वैशाखांत खोली ३६ अंशांवर गेली, तर प्रोसेसर ८६ अंशांच्या घरांत जाईल. यंत्रांत बिघाड कांहींच झालेला नाहीं. ऋतु तेवढा पालटला आहे. याकरितां तापमान टिपून ठेवणाऱ्यानें शेजारीं खोलीचें तापमानहि टिपलें पाहिजे; नाहीं तर एका महिन्याच्या आकड्याची दुसऱ्या महिन्याच्या आकड्याशीं तुलना करणें व्यर्थ आहे.

आतां सुरक्षित तापमान कोणतें, या मुख्य प्रश्नाकडे वळावें. माणसाच्या तापावरून यंत्राचा ताप मोजूं नये. प्रोसेसरच्या आंतच सूक्ष्म उष्णतामापक बसविलेले असतात, आणि तो सहन करूं शकेल अशी कमाल मर्यादा निर्मात्यानें ठरवून जाहीर केलेली असते. इंटेल कंपनीच्या बहुतेक आधुनिक प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे. एएमडी कंपनीचे २०२२ सालीं आलेले रायझन ७००० मालिकेचे बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालावेत अशाच बेतानें बनविलेले आहेत. त्याच मालिकेंतील कांहीं नमुन्यांची मर्यादा मात्र ८९ अंश आहे. तेव्हां सर्वांना लागूं पडेल असा एकच आकडा सांगणें शास्त्राला धरून होणार नाहीं. आपल्या प्रोसेसरचें नांव व क्रमांक पाहून निर्मात्याच्या पत्रकांतील मर्यादा एकदां वाचून ठेवावी, हेंच उत्तम. स्थूल मानानें बोलावयाचें तर संगणक स्वस्थ असतां ३५ ते ५० अंश, नेहमींच्या कामांत ५० ते ७५ अंश, आणि दीर्घकाल पूर्ण भार असतां ८५ अंशांपर्यंतचें तापमान चिंतेचें कारण नाहीं. लॅपटॉपमध्यें जागा अत्यंत तोकडी असल्यामुळें तेथें भाराखालीं ९० अंशांपलीकडचे आकडेहि नेहमीं दिसतात.

मर्यादा गांठली म्हणजे प्रोसेसर तत्काळ जळून जातो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती आतां खरी राहिलेली नाहीं. मर्यादेजवळ पोंचतांच आधुनिक प्रोसेसर आपली गति व दाब आपण होऊन उतरवितो. चढावर बैलांनीं चाल मंद करावी तसा हा प्रकार आहे. त्यावरहि ताप वाढतच गेला तर तो सगळें यंत्र बंद करून टाकतो. त्यामुळें ज्याला संगणक जळण्याची भीति वाटते, त्यानें ती बरीचशी सोडून द्यावी. मात्र सतत मर्यादेवर चालणारा संगणक मोल देऊन घेतलेलें काम पुरें देत नाहीं, त्याचे शेजारी घटक भाजत राहतात, आणि त्याचें आयुष्य घटतें. विजेच्या पट्टीवरील विद्रावी धारकांविषयीं तर असा आडाखाच आहे कीं, तापमान दहा अंशांनीं वाढलें कीं आयुष्य अर्ध्यावर येतें. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बहुधा ६० अंशांपलीकडे नेऊं नये असें तिचे निर्माते सांगतात. आणि पेटीच्या आंत साठलेली हवा तिलाहि भोंवते.

परंतु यंत्र बंद पडणें हें खरें संकट नव्हेच. बंद पडलेलें यंत्र निदान आपली व्यथा बोलून दाखवितें. खरें संकट आहे तें चालूं असतां चुकणाऱ्या यंत्राचें. दाब अपुरा असला, गति अवाजवी असली, स्मरणपट्टीचा एखादा कण सदोष असला किंवा उष्णतेनें एखादी कळ क्षणभर मागें पडली, म्हणजे कोट्यवधि बरोबर उत्तरांत एखादें चुकीचें उत्तर मिसळतें, आणि संगणक तेंहि त्याच शांतपणें पुढें पाठवितो. भोसरींतील एखाद्या छोट्या कारखान्यांत सुट्या भागाचें रेखाटन संगणकावर तयार होतें व त्याचीं मापें तेथून सीएनसी यंत्राकडे जातात. घरांत वर्षाचे जमाखर्च असतात, मुलीचा पदवीचा प्रबंध असतो, दिवंगत आईवडिलांचीं छायाचित्रें असतात. एखादी धारिका लिहिली जात असतां बिघडली तर तें कधीं कळेल? पुष्कळदां महिन्यांनंतर, ती उघडण्याची गरज पडेल त्या दिवशीं. म्हणून तापाच्या आकड्यापेक्षां मोठा प्रश्न असा विचारावयास हवा कीं, पूर्ण भाराखालीं हें यंत्र अचूक उत्तरें देतें किंवा नाहीं?

या प्रश्नाचें उत्तर परीक्षेवांचून मिळत नाहीं. तटाची मजबुती शांततेच्या काळांत कळत नाहीं. ती वेढ्यांत कळते. १६६० सालीं शाएस्तेखानानें चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला तेव्हां फिरंगोजी नरसाळा यांनीं मोठ्या फौजेपुढें तो लहानसा भुईकोट सुमारें दोन महिने लढविला. अखेर बुरुजाखालीं सुरुंग उडाला तेव्हां तो हातचा गेला. किल्ला कोठवर टिकतो आणि कोणत्या जागीं फुटतो, या दोन्ही गोष्टी भारानेंच उघड केल्या. त्याच चाकणच्या परिसरांत आज मोटारींचे मोठे कारखाने उभे आहेत, आणि तेथेंहि न्याय हाच आहे. १९६६ सालीं स्थापन झालेली एआरएआय ही मोटारींच्या संशोधनाची संस्था पुण्यांत, तिच्याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवर आहे. चाकण येथेंहि तिचें केंद्र आहे. नवें एंजिन परीक्षेच्या चौथऱ्यावर बसवून, त्याला मापलेला भार जोडून, तासन् तास चालवून पाहतात आणि मगच तें रस्त्यावर येतें. संगणकाच्या बाबतींत अशाच परीक्षेला स्ट्रेस टेस्ट म्हणतात. मराठींत तिला भारपरीक्षा म्हणतां येईल.

पुण्यानें या परीक्षेचा एक मोठा प्रयोग पाहिलेला आहे. येथील सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, हें सर्वश्रुतच आहे. पुढें २००७ सालीं टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या पुण्यांतील कंपनीनें एका मोठ्या महासंगणकाची उभारणी केली. त्याचें नांव ‘एक’. त्या नोव्हेंबरांत जगांतील पांचशें बलाढ्य संगणकांची यादी प्रसिद्ध झाली तींत त्याचा क्रमांक चौथा लागला. ही यादी लिनपॅक नांवाच्या परीक्षेवर ठरते, आणि ती परीक्षा म्हणजे शाळेंतील बीजगणितांतलीं एकसामयिक समीकरणेंच होत. शाळेंत दोन समीकरणें आणि दोन अज्ञात संख्या असतात; येथें त्यांची संख्या लाखोंच्या घरांत असते. तीं सोडवितांना यंत्राचा प्रत्येक प्रोसेसर एकाच वेळीं पूर्ण जोरानें राबतो. उत्तरें मूळ समीकरणांत घालून ताळा पाहतात आणि ताळा जमला तरच गुण मिळतात. ‘एक’नें या परीक्षेंत सेकंदाला सुमारें ११८ हजार अब्ज गणितक्रियांचा वेग दाखविला. वेग व अचूकपणा यांची एकत्र कसोटी पाहणारी हीच लिनपॅक आज घरगुती संगणकांच्या भारपरीक्षेसाठींहि वापरली जाते.

दुसरी प्रसिद्ध परीक्षा अंकगणिताच्या एका जुन्या कोड्यांतून जन्माला आली. २ या संख्येला वारंवार २ नें गुणून आलेल्या गुणाकारांतून १ वजा केला असतां कधीं कधीं मूळ संख्या मिळते. अशा संख्यांस मर्सेन संख्या म्हणतात. त्या शोधण्यासाठीं अमेरिकेंतील जॉर्ज वोल्टमन यांनीं १९९६ सालीं जगभरच्या हौशी लोकांचा संघ सुरूं केला व प्राइम९५ नांवाचा आज्ञासंच लोकांना दिला. हें गणित आठवडेच्या आठवडे चालतें आणि मध्यें एक अंक चुकला तर सारे श्रम फुकट जातात. म्हणून त्यांत, ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे अशीं गणितें यंत्राकडून करून घेऊन तें पारखण्याची सोय ठेवलेली आहे. उत्तर जुळलें नाहीं कीं यंत्र नापास. या पारखीचा दरारा मोठा आहे. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांत कांहीं विशिष्ट गणितांच्या वेळीं यंत्र गोठण्याचा दोष होता. तो याच आज्ञासंचामुळें उघडकीस आला, आणि जानेवारी २०१६ मध्यें कंपनीनें तो मान्य करून दुरुस्ती दिली. उलट, फ्लॉरिडांतील एक गृहस्थ आपण जोडलेल्या संगणकांची नुसती भारपरीक्षा म्हणून हा आज्ञासंच वापरीत असे. पुढें तो त्या शोधांतहि सामील झाला, आणि डिसेंबर २०१८ मध्यें त्याच्या संगणकाला २ कोटि ४८ लक्षांहून अधिक अंकांची नवी मूळ संख्या सांपडली. त्या काळीं ज्ञात असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

घरीं किंवा लहान कारखान्यांत ही परीक्षा घेण्याची रीत अवघड नाहीं. आधीं महत्त्वाच्या सर्व धारिकांची प्रत दुसऱ्या ठिकाणीं काढून ठेवावी. तापमान दाखविणारा एचडब्ल्यू-इन्फो यासारखा आज्ञासंच सुरूं करावा, खोलीचें तापमान टिपावें आणि संगणक दहा मिनिटें स्वस्थ ठेवून त्याचा मूळ आकडा लिहावा. नंतर प्राइम९५ किंवा ओसीसीटी यांपैकीं एक सुरूं करावें. प्राइम९५ मध्यें ‘स्मॉल एफएफटी’ हा प्रकार प्रोसेसरला सर्वाधिक तापवितो. ‘ब्लेंड’ हा प्रकार स्मरणपट्टीलाहि राबवितो. पहिलीं पंधरा मिनिटें यंत्रासमोर बसून राहावें. तापमान प्रथम झपाट्यानें चढतें, मग त्याची चाल मंद होते, आणि पुढें तें एका पातळीवर स्थिरावतें. ही पातळी हाच परीक्षेचा खरा आकडा. एक तास यंत्र चुकलें नाहीं, थांबलें नाहीं आणि त्याची गति निर्मात्यानें सांगितलेल्या गतीखालीं गेली नाहीं, तर घरच्या कामापुरतें तें उत्तीर्ण समजावें. ज्याच्यावर कारखान्याचें काम अवलंबून आहे अशा यंत्राची परीक्षा रात्रभर घ्यावी, आणि शक्य तर ती उन्हाळ्यांत घ्यावी.

निकाल वाचतांना तारतम्य हवें. सुरुवातीच्या पांचदहा सेकंदांतच तापमान मर्यादेला भिडलें तर परीक्षा लगेच थांबवावी. हीट सिंक नीट टेकलेलें नाहीं किंवा पेस्ट सुकली आहे, असा त्याचा अर्थ होतो. तापमान हळूहळू चढत राहून स्थिरावतच नसेल तर पेटींतील हवा खेळत नाहीं असें समजावें. तापमान योग्य असतांहि चुका निघाल्या तर दोष उष्णतेचा नाहीं. तो दाबांत, चढविलेल्या गतींत किंवा स्मरणपट्टींत शोधावा लागेल. भार येतांच सारा संगणकच बंद पडला तर वीज पुरविणाऱ्या पेटीवर संशय घ्यावा. आणि या कठोर परीक्षेंत तापमान मर्यादेला लागलें, पण नेहमींच्या कामांत तें सत्तरीच्या आंतच राहत असेल, तर नवा खर्च करण्याचें कांहीं कारण नाहीं. रोजचें कोणतेंहि काम या परीक्षेइतका भार टाकीत नाहीं.

उपायांपैकीं सर्वांत स्वस्त उपाय सफाईचा आहे. या पट्ट्यांत रस्त्याची धूळ तर आहेच, पण कारखान्यांतून तेलाचें धुकें आणि धातूचा बारीक कीसहि हवेंत असतो. तेलानें धूळ चिकटते व पात्यांमधील फटी बुजतात. धातूचा कण तर विजेच्या पट्टीवर पडून प्रत्यक्ष अपाय करूं शकतो. कारखान्यांतील संगणक ग्राइंडिंगच्या यंत्राजवळ ठेवूं नये आणि त्याच्या पेटीला गाळणीची जाळी असावी. पट्ट्यांतील कारखान्यांना पुष्कळ ठिकाणीं गुरुवारची सुटी असते. महिन्यांतून एका गुरुवारीं वीज तोडून, पंखा हातानें अडवून धरून, कोरड्या हवेच्या झोतानें ही धूळ काढावी. चारपांच वर्षांनीं पेस्ट बदलावी. घरांत संगणकाची पेटी कपाटाच्या कोनाड्यांत कोंबूं नये आणि लॅपटॉप गादीवर ठेवून चालवूं नये. एवढ्यानेंच पांचदहा अंशांचा फरक पडलेला पुष्कळांनीं पाहिला आहे.

भारपरीक्षेची एक मर्यादाहि सांगितली पाहिजे. आज उत्तीर्ण झालेलें यंत्र उद्यांहि उत्तीर्णच राहील, अशी हमी ती देत नाहीं. इंटेलचे तेराव्या व चौदाव्या पिढीचे कांहीं बलवान प्रोसेसर प्रथम नीट चालले, आणि पुढें त्यांतून वारंवार काम कोसळूं लागलें. २०२४ सालीं कंपनीनें चौकशी करून सांगितलें कीं, वाजवीपेक्षां अधिक दाब आणि उष्णता यांमुळें आंतील एका मंडलाची झीज होत होती. दाब आवरणारी दुरुस्ती तिनें प्रसृत केली व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. ती दुरुस्ती पुढची झीज रोखते; झालेली झीज मात्र भरून येत नाहीं. म्हणून परीक्षा वर्षांतून एकदां तरी पुन्हां घ्यावी, निर्मात्याच्या दुरुस्त्या वेळेवर बसवाव्या, आणि धारिकांची दुसरी प्रत ठेवण्याचा कंटाळा कधींहि करूं नये.

पुण्याच्या पाषाण भागांत उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत २०१८ सालीं ‘प्रत्यूष’ आणि सप्टेंबर २०२४ मध्यें ‘अर्क’ या महासंगणकांचें लोकार्पण झालें. पावसाचे अंदाज वर्तविण्यासाठीं अशीं यंत्रें रात्रंदिवस भाराखालीं असतात, आणि त्यांची उष्णता वाहून नेण्यासाठीं स्वतंत्र शीतकरणाची योजना करावी लागते. शेतकरी ज्या अंदाजाकडे पाहून पेरणीचा दिवस ठरवितो, त्याच्या मागें तापलेल्या सिलिकॉनला मर्यादेंत ठेवण्याचा हा खटाटोप उभा असतो. घरच्या मेजावरील संगणकाला एवढा सरंजाम लागत नाहीं. वहींत खोलीचें तापमान, भाराखालील तापमान व परीक्षेची तारीख अशा तीन नोंदी वर्षाला एकदां केल्या, तरी पुढच्या वैशाखांत पंखा घरघर करूं लागेल तेव्हां घाबरावें कीं स्वस्थ राहावें, हें त्या वहीवरूनच ठरवितां येईल.